पंक्चरची जागा

चढ सुरू होताच सायली सायकलवरून उतरली.

"उतरायचं नाही. गियर बदल, गियर," वैजनाथराव पुढून ओरडले, आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. आज असलं काही बोलायचं नाही, असं ठरवूनच ते घरून निघाले होते.

सायली त्यांची नवी सून. पुढच्या आठवड्यात ती आणि हिमांशू जर्मनीला जाणार होते. त्याआधी एकदा तिघांनी नाथसागराच्या काठानं निवांत सायकल चालवावी, ही कल्पना वैजनाथरावांचीच. शाळेत असताना हिमांशूला ते दर रविवारी इथंच सरावाला आणत. त्याला राज्य स्पर्धेत उतरवायचं होतं. ते काही झालं नाही, आणि दहावीनंतर पोरानं सायकलला हात लावला नाही. आज मात्र तो एका शब्दात हो म्हणाला होता.

सायलीपाठोपाठ हिमांशूही उतरला. सायकली हातात धरून, गप्पा मारत दोघं चढ चढू लागले. वैजनाथराव वर थांबले. खाली पाणी नजर पोचेल तिथवर पसरलं होतं. ते जिथं ओसरलं होतं तिथं लोकांनी ओल्या गाळातच हरभरा पेरला होता. लांब, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चोची बुडवून उभा होता.

"काय सुंदर आहे हे," सायली वर येत म्हणाली. "तू लहानपणी दर रविवारी हे बघायचास?"

"मी बाबांचं मागचं चाक बघायचो. दिसेनासं होईपर्यंत."

तो हसत होता, म्हणून सायली हसली. वैजनाथरावही हसले.

उतार संपला तिथं चार घरांची वस्ती होती. काही न सांगता हिमांशूनं सायकल बाभळीला टेकवली आणि तो एका पत्र्याच्या घराकडं चालू लागला. अंगणात एक म्हातारी तुरी बडवत होती. तिनं हातातलं दांडकं खाली ठेवलं आणि कपाळाशी हात धरून बघितलं.

"सायकलीवालं लेकरू व्हय रं तू?"

"व्हय, साळूआजी."

वैजनाथरावांनी मुलाकडं पाहिलं. त्याच्या तोंडून 'व्हय' त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

साळूबाईनं हिमांशूच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. आत जाऊन तांब्या भरून आणला. सायली कोण ते विचारलं, तिच्याही गालावरून हात फिरवला. मग तिची नजर वैजनाथरावांवर आली.

"अन् हे?"

"माझे वडील."

"आसं व्हय," साळूबाई त्यांना नीट न्याहाळत म्हणाली. "म्हंजी म्होरं जायचे, ते हेच."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ओळख पटल्यावर माणूस बोलतं तसं ती बोलली, आणि सायलीकडं वळली.

"पायात गोळे यायचे गं लेकराच्या. हितं गपचीप बसायचं. म्या तेल चोळून द्यायची. भाकर दिली की म्हनायचं, नगं, वजन वाढतंय. मंग खायचं. अन् खाता खाता एकदम उठून पळायचं, बाबा थांबले आसतील म्हनून."

वैजनाथराव तेव्हा धरणाच्या भिंतीपाशी, हातात स्टॉपवॉच घेऊन उभे असायचे.

"तू तर पंक्चर झालं म्हणायचास," ते म्हणाले.

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी नाही, बाबा. कधीकधी खरंच व्हायचं."

त्या पंक्चरांपायी त्यांनी दोनदा टायर बदलले होते. दुसऱ्यांदा तर गुलमंडीतल्या दुकानदाराशी भर रस्त्यात भांडले होते, माझ्या पोराला हलका माल देतोस म्हणून. हिमांशू तेव्हा शेजारी मान खाली घालून उभा होता.

"मला सांगायचंस की."

हिमांशूनं उरलेलं पाणी पिऊन तांब्या ओट्यावर ठेवला.

"तुम्ही पुढं असायचात," तो म्हणाला.

निघताना साळूबाईनं हरभऱ्याचा टहाळ उपटून दिला. सायलीनं तो हँडलला बांधला. तिघं पुन्हा रस्त्याला लागले. पुढचा रस्ता सपाट होता, मोकळा होता, तीन सायकली शेजारी शेजारी सहज चालतील एवढा रुंद होता.

वैजनाथरावांनी पाय मारणं थांबवलं. मुलगा बरोबरीला आला की काहीतरी बोलायचं, असं त्यांच्या मनात होतं. काय, ते अजून सुचलं नव्हतं. पण हिमांशू आला नाही. त्यांनी ब्रेक दाबला. मागं हिमांशूचाही ब्रेक वाजला. तो मुद्दाम करत नव्हता, त्याचं लक्ष सायलीच्या बोलण्याकडं होतं. पुढची सायकल हळू झाली की त्याचा हात आपोआप ब्रेकवर जात होता.

शेवटी वैजनाथरावांनी पाय टेकला. मागची दोघंही थांबली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. तुम्ही व्हा पुढं. मी येतो मागनं."

हिमांशूनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं. त्यानं पायडलवर पाय ठेवला, आणि पुन्हा काढला.

"नको, तुम्हीच चला," तो म्हणाला. "मला नाही जमत."

अगदी सहज म्हणाला.

वैजनाथराव मग निघाले. जमेल तितकी हळू, तोल जाईल इतकी हळू त्यांनी सायकल चालवली. मागून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, तेवढ्याच अंतरावरून. शब्द काही कळत नव्हते.