अक्काताईंचा मासा

सम्मेदनं शाहूपुरीतून आणला तेव्हा कॅटफिश बोटाएवढा होता. वर्षभरात तो हातभर झाला. सम्मेदची आई अक्काताई त्याला घरच्या नेमानं वाढवत होत्या. उकडलेले वाटाणे, सोयाबीन. दिवस मावळल्यावर टाकीत दाणाही पडत नसे.

एका संध्याकाळी दिवेलागणीनंतर शेजारच्या मोनाची टाकी फुटली. ती चार गोल्डफिश बादलीत घालून आली. रात्रीपुरते ठेवायचे होते, पण ते मिशाळ धूड बघून तिचा हात थांबला.

"काकू, ह्यो गिळंल की!"

"जैनाच्या घरात वाढलाय त्यो. खुशाल सोड."

पहाटे उजाडता उजाडता मोना धावत आली. चारही गोल्डफिश जिवंत होते. त्या जबड्यापुढून, मिशांमधून बिनघोर फिरत होते. अक्काताईंनी टाकीपुढं हात जोडले.

तेवढ्यात खिडकीतून पहिलं ऊन टाकीवर पडलं. माशानं जबडा उघडला. मोना जाळी घेऊन वळेपर्यंत टाकीत तो एकटाच उरला होता.

अक्काताईंचे हात अजून जोडलेलेच होते.

"बघ मोना," त्या हळूच म्हणाल्या, "दिस उगवस्तोवर थांबला की!"