झील कोण देणार

काचेच्या खोलीत सीताराम शाहीर गात होता आणि बाहेर उभ्या कमळाबाईला नवऱ्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

खोली झकास होती. भिंतींना स्पंजाच्या गाद्या, छताला शहाणा दिवा. माणूस हलला की पेटतो, स्तब्ध राहिला की विझतो. चाळ पाडून हा टॉवर बांधला तो म्हणे कलावंतांसाठी. खाली स्टुडिओ, मध्ये ऑफिसं, वर घरं. चाळकऱ्यांना मागच्या अंगाची लिफ्ट. जयंतीचं स्टेज लागायचं त्या अंगणात आता गाड्या एकीवर एक रचतात. म्हणून यंदा जयंतीचं गाणं काचेआड.

आवाज कसा, तर गिरणीचा भोंगा बिघडला त्या दिवशी सीतारामनं लालबागेतून एक ललकारी मारली आणि परळची पाळी वेळेवर सुटली. चाळकरी हे अजून शपथेवर सांगतात. तो आवाज आज चार बोटं काच ओलांडत नव्हता.

बरं, गाणं काही त्याच्या एकट्याचं नव्हे. त्यानं ओळ टाकायची, डोळे मिटून कानावर हात ठेवायचा, आणि मागच्यांनी ‘जी जी रं जी’ करत ती उचलायची. ही झील. ती आल्याशिवाय पुढची ओळ नाही. वडाळ्याला एकदा झीलकरी भर कार्यक्रमात चहाला गेले, तर हा तसाच उभा. कावळा खांद्यावर बसून चोच पुसून गेला.

आत पहिली ओळ संपली. डोळे मिटले, हात कानावर गेला. बाहेर कमळाबाईनं झील धरली, मागं जमलेल्या साऱ्या चाळकऱ्यांनी उचलली.

इमारतीची मॅनेजर नम्रता धावत आली. “आजी, प्लीज, इथं आवाज नको. वर सगळे क्रिएटिव्ह लोक काम करतायत.”

“अगो बाय, जयंती आहे आज.”

“म्हणून तर बूथ फ्री दिलाय ना. रेकॉर्डिंग ॲपवर टाकू. घरी बसून ऐका.”

“आणि झील?” शेजारचा विकास म्हणाला. “ती पण घरूनच द्यायची?”

“ती नंतर ॲड करता येते, काका.”

“मग आम्हाला आत तरी सोड,” कमळाबाई म्हणाली.

“एकाचाच बूथ आहे, आजी. माझी नोकरी जाईल हो.” पोरीचा चेहरा खरंच रडवेला झाला होता.

आत सीताराम डोळे मिटून उभा. कमळाबाईनं काचेवर टकटक करायला बोट उचललं. पण मध्येच गाणं मोडायचं, तेही जयंतीचं? यंदा मोडलं तर पुढच्या वर्षी कोण विचारणार. तिनं बोट खाली घेतलं.

मग तिनं आवाज न काढता झील दिली. मागं विकासनं दिली. सगळ्यांनी दिली, नुसत्या ओठांनी.

सीताराम हलला नाही.

दिवा विझला. काच काळी झाली, आणि तिच्यात तोंडं उघडी टाकून उभी असलेली अख्खी चाळ दिसू लागली.