देविदासच्या टपरीतला ताप

तांड्यातल्या घरांना नंबर नव्हते, म्हणून हिंगोलीच्या दवाखान्यात सगळा तांडा पत्ता सांगायचा तो स्टँडजवळच्या देविदासच्या चहाटपरीचा. पुढं फिरता दवाखाना कुठं पाठवायचा म्हणून तिथल्या डॉक्टरसाहेबांनी नकाशा काढला. तापाच्या दर पेशंटामागं एक लाल ठिपका मारला, तर टपरीचं छप्परसुद्धा दिसेना, आणि तांडा मात्र धुतल्यासारखा पांढरा. गाडी टपरीपुढं येऊन थांबली.

तांड्यातली धुरपताबाई धापा टाकत तिथं पोचली. "ते ठिपके आमचेच हायेत, साहेब. लेकरं तिकडं तापानं फणफणून राहिलीत. गाडी तांड्यात घ्या."

डॉक्टर मनानं चांगले होते. म्हणाले, "घेऊ की, आजी. आधी नकाशा दुरुस्त करू. ज्याला ज्याला ताप आहे, त्यानं फक्त स्वतः इथं येऊन पत्ता बदलून जायचं."