सहाशे ओळी

"मॅडम, तुमच्या सहाशे ओळी काढून टाकू या," टीममधला तरुण जुनेद म्हणाला तेव्हा शैलजाताईंचा चहाचा कप हातातच राहिला.

बारा वर्षांपूर्वी एका चिपसाठी त्यांनी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, तो कोड लिहिला होता. बाकीच्या चिप आता एकच सामायिक कोड वापरत होत्या, आणि तो अनेकजण मिळून सांभाळत. शैलजाताईंच्या चिपचा मात्र वेगळा, आणि कर्नल बदलला की त्या एकट्याच तो दुरुस्त करत. महिनाभरात त्या निवृत्त होणार होत्या. सांभाळणारं कुणी नसेल तर ती चिप कर्नलमधून वगळली जाणार होती, आणि खेड्यांतल्या दवाखान्यांचे लसींचे फ्रीज तिच्यावरच चालत होते.

"सामायिक कोड आपल्या चिपवर चालेल?"

"तुम्हीच बघा ना."

त्यांनी स्वतःच त्या ओळी पुसल्या, सामायिक फाइल जोडली आणि ती चिप बसवलेला चाचणीचा बोर्ड सुरू केला. पडदा बराच वेळ काळा राहिला. मग अक्षरं धावू लागली. एकूण एक चाचणी पास झाली. शैलजाताई खुर्चीत मागे टेकल्या.

"वाईट वाटतंय का, मॅडम?"

"नाही रे. लेकीच्या हळदीलाही लॅपटॉप घेऊन बसले होते मी. आता नातीच्या बारशाला रिकाम्या हातांनी जाईन, आणि तिला मांडीवर घेईन."