खडूची फुली

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एका संगीत नाटकात दोन वर्षं नायिकेची भूमिका व्हर्नाने केली होती. रंगमंचावर खडूने काढलेल्या फुलीवर उभी राहून ती शेवटचं गाणं गायची. त्या नाटकावर चित्रपट निघाला तेव्हा मात्र नायिका म्हणून एक देखणी नटी घेतली. व्हर्नाचा फक्त आवाज घेतला, आणि नाव कुठेच दिलं नाही.

तरी त्या चित्रपटाच्या दुपारच्या खेळाला व्हर्ना रोज यायची.

"आज पुन्हा?" दारावर तिकिटं फाडणारी इर्मा हसली. "अगं, त्या बयेला गळा दिलास तेवढा पुरे नाही का?"

"माझाच आवाज आहे ना. ऐकते आणि जाते."

एक गोष्ट तिने इर्माला सांगितली नव्हती. सोमवारी गाणं चालू असताना पडद्यावरच्या नटीचे ओठ जरा मागे पडले होते. काल तर ते मिटलेलेच होते.

आज गाणं सुरू झालं आणि नटी एक पाऊल बाजूला सरकली. ती उभी होती तिथे खडूची फुली होती. ती जागा मोकळी ठेवून नटी थेट व्हर्नाकडे बघत राहिली. गाणं थांबलं. थिएटरात कुणी हललंसुद्धा नाही.

अंधारात मागून इर्मा हळूच म्हणाली, "जा ना गं. कधीची थांबलीय ती."