पंपवाल्याची बायको

खाणीच्या फाटकाशी रिकामे हंडे मांडून बसलेल्या बायकांत सगळ्यात पुढे आपलीच बायको पंचफुला दिसली, तसा पंप ऑपरेटर शालिक मॅनेजरसाहेबांच्या मागे सरकला. खाणीत साचणारं पाणी उपसून नाल्यात सोडणं हे त्याचं काम. कॉलनीचे नळ मात्र आठवडाभर कोरडे होते.

“खाणीचं पाणी नाल्यात जाते अन् आमी थेंबाले मोताद,” पंचफुला साहेबांना म्हणाली.

“बाई, ते कोळशाचं काळं पाणी आहे.”

“मंग गाळून द्या.”

साहेबांनी मान वळवली. “शालिक, या बाईंना ओळखतोस?”

शालिकच्या डोळ्यांपुढे नोकरी आली. “पाहिल्यासारखी वाटते, साहेब.”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पंचफुलानं आपला रिकामा हंडा साहेबांपुढे सरकवला.

साहेबांना मुद्दा पटला. उपसलेलं पाणी हौदात निवळू द्यायचं, मग गाळून कॉलनीला सोडायचं, असं ठरलं. शालिक पंपावरच मुक्काम ठोकून झटून कामाला लागला. नळ सुरू झाले त्या संध्याकाळी तो मिशीला पीळ देत घरी आला आणि त्यानं कडी वाजवली.

पंचफुलानं दार किलकिलं केलं. त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“कोण पायजे?”