कडेची पट्टी

कार्डावर एकशे चाळीस फायली होत्या. कॅमेरा तलावाच्या भिंतीवर ट्रायपॉडला लावलेला, दर वीस सेकंदांनी आपोआप एक फोटो. पहिल्या एकशे तिसांत भिंतीचा बुटका कठडा, तलावाचं पाणी, पलीकडचा काठ आणि वर येणारा सूर्य. एकशे एकतिसाव्याच्या डाव्या कडेला बाबांचा खांदा. एकशे बत्तिसाव्यात खांदा नव्हता. त्यात आणि पुढच्या आठांत पुन्हा नुसतं पाणी.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी तलावाच्या भिंतीखाली सापडले.

पाय घसरला असेल, असं चौकशीला आलेला अधिकारी म्हणाला होता. आईला ते पटत नव्हतं. त्या पहाटेच्या आदल्या संध्याकाळी दोघांचं जोरात वाजलं होतं. कशावरून, ते ती सांगत नव्हती. तिच्या तोंडून जे निघालं तेवढंच सांगत होती, आणि तेही दिवसातून चारदा.

"जा एकदाचे मरा, म्हटलं मी. आणि सकाळी मी जागी व्हायच्या आत गेले."

अकरा दिवसांत तिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. म्हणून लेकीनं रजा वाढवून घेतली आणि बाबांच्या टेबलाशी ठाण मांडलं. बाबांनी उडी मारली नाही, एवढं दाखवता आलं तर आई जगेल, असा तिचा हिशोब होता. ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिसेल ते मोजायची खोड लहानपणापासूनची. बाबा तिला मोजपट्टीच म्हणत.

फायली कच्च्या होत्या. कॅमेऱ्याच्या डोळ्यानं जे टिपलं ते त्यांत जसंच्या तसं, आणि त्याचा फोटो करायचं काम सॉफ्टवेअरचं. कापड एकच, शिंपी बदलला की सदरा बदलतो, असं बाबा समजावून सांगत. अडचण अशी होती की कॅमेरा सूर्याकडे तोंड करून होता, त्यामुळे खांदा म्हणजे नुसता काळा डाग. कोटाची छाती दिसते की पाठ, कळत नव्हतं. पाठ पाण्याकडे असेल, तर माणूस उडी मारत नाही.

तिनं तीन सॉफ्टवेअरं घेतली. वहीत रकाने आखले: रंग, अंधाऱ्या भागात उमटणारे दाणे, सावलीतला तपशील, लागलेला वेळ.

पहिलं कॅमेऱ्याच्या कंपनीचं. पहाटेचा रंग त्यात देखणा उतरला. सावली उजळायला घेतली, तर डाग काळ्याचा जांभळा झाला, बाकी काही नाही.

आई मागे पलंगावर बसली होती, हात शालीत गुंडाळून. हे सॉफ्टवेअर तिनं पाहिलेलं होतं. अधिकाऱ्यासमोर याच टेबलाशी बसून तिनं एकेक फोटो नजरेखालून घातला होता. "ज्याचा कॅमेरा त्याचंच बरं," ती म्हणाली. "बाकीचे उपरे. उगाच डोळे फोडून घेऊ नकोस."

दुसरं विकतचं, महिनाभर फुकट वापरायला मिळणारं. त्यानं दाणे पुसले, पण दाण्यांबरोबर कोटाची वीणही पुसली. खांदा मेणाचा केल्यासारखा गुळगुळीत. लेकीनं रकान्यात शून्य मांडलं.

"जेवून घे थोडं," आई म्हणाली.

"तू जेवलीस तर."

आईनं शाल घट्ट ओढली. बाबांचा फोटो छापायचा कारखाना होता तेव्हा छापील फोटोंच्या कडा कापायचं काम आईकडे असे. कडा कापल्याशिवाय फोटोला रूप येत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या कापायच्या यंत्रानंच तिच्या उजव्या हाताची अर्धी तर्जनी नेली. पुढे लेक आईच्या बोटांवर आकडे शिकली आणि शाळेत पहिल्याच दिवशी दहाच्या जागी साडेनऊ म्हणाली. बाई ओरडल्या. घरी तिघंही पोट धरधरून हसली होती.

तिसरं सॉफ्टवेअर कुण्या हौशी लोकांनी मिळून केलेलं, फुकटचं. दिसायला भिकार. उघडल्या उघडल्या त्यानं सांगून टाकलं की हे कॅमेऱ्याचं भिंग आपल्या ओळखीचं नाही.

लेकीनं खांद्यावर जाऊन सावली चार पायऱ्या उजळली. दाणे वाळूसारखे फुटले, पण वाळूखाली वीण होती. शिवण होती. कोटाची मागची शिवण. बाबांचं तोंड पाण्याकडे होतं.

आईला हे काय तोंडानं सांगायचं?

मग तिच्या लक्षात आलं की शिवण आधीच्या दोन्हींत चौकटीतच नव्हती. तिनं तिन्ही फोटो शेजारी लावले. तिसऱ्यात कठडा कडेला धनुष्यासारखा वाकला होता. भिंगाचा मूळचा बाक. भिंग ओळखणारी सॉफ्टवेअरं तो बाक सरळ करतात, आणि सरळ करताना कडा कापून टाकतात. याला ते जमलं नव्हतं. डावीकडे जादा पट्टी उरली होती. तिनं मोजली: दोनशे बारा पिक्सेल.

ती पट्टीवर सरकली. बाबांची आख्खी पाठ तिथे होती.

"काय दिसतंय गं?" मागून आईनं विचारलं.

"थांब जरा. मोजतेय."

पाठीच्या मधोमध एक उघडा पंजा टेकलेला होता. तिनं बोटं मोजली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा साडेचार भरली.